न लावलेला दिवा

हे मी घरात बोलले नाही, मॅडमपाशी तर नाहीच. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय — आणि कुठून सुरू करू, तेही कळेना.

मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. मुलुंडला घरकाम करते. मधे लिफ्टमध्ये पाय ठेवला की छाती धडधडायची, हात गार पडायचे. चौदा मजले चढून जायचे मी. मालकिणीनं तिच्या ओळखीच्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्यांनी मला माणसात आणलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत — हे आधी सांगते.

पहिल्याच दिवशी त्यांनी मायेनं विचारलं, "तुझी कुलदेवी कुठली गं?"

आमच्या घरातले देव आज्यानंच नदीत सोडलेले. आम्ही बौद्ध. एवढं सांगायला काय जात होतं? पण मालकिणीला मी आडनाव खोटं सांगितलेलं. ते उघडं पडलं तर? तोंडातून निघालं, "तुळजापूरची."

मग मॅडम म्हणाल्या, रोज देवीपुढे दिवा लाव, मनातलं तिला सांग. दिवा मी कधी लावलाच नाही. लिफ्टमध्ये डोळे मिटून बापानं शिकवलेलं त्रिशरण पुटपुटायचे — बुद्धं सरणं गच्छामि — की चौदावा मजला यायचा. मॅडमना मात्र सांगितलं, दिव्यानं बरं वाटतंय. किती खूश झाल्या त्या!

इथवरचं मी पचवलंही असतं.

पण शनिवारी मॅडम आम्हा बायकांना एकत्र बसवायच्या. तिथे वनिता आली, जालन्याकडची, झोप उडालेली. मॅडमनी तिलाही दिवाच सांगितला. ती खाली बघत, पण स्पष्ट म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत मॅडम. आमच्यात देव नसतात."

मॅडम गडबडल्या. मनाच्या वाईट नाहीत हो त्या — त्यांना वाटायचं, देव सगळ्यांनाच असतो. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू सांग ना हिला, तुला कसा फरक पडला."

एक वाक्य पुरलं असतं — मीपण तुमच्यातलीच गं. आणि मी बोलले काय?

"लाव की दिवा. तुझं काय जातंय? एवढा कसला ताठा?"

ताठा. मी म्हणाले. तिला.

ती पुढच्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मॅडम म्हणाल्या, काही जणींना बरंच व्हायचं नसतं. मी मान हलवली.

आता मी लिफ्टनंच जाते. दार मिटलं की ओठ आपोआप हलतात. वनितालाही ते शब्द पाठ असणार. मला त्याच शब्दांनी बरं वाटतं, एवढंच तिला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही.