समोरची गाडी

जपानमधल्या एका गावच्या निवडणुकीवरचा माहितीपट पाहत होते. नवखा उमेदवार पांढरे हातमोजे घालून, गाडीच्या भोंग्यावरून दिवसभर स्वतःचं नाव सांगत फिरतो. वळणावर प्रतिस्पर्ध्याची गाडी समोर येते. तिकडच्या रिवाजाप्रमाणे दोघं भोंग्यावरूनच एकमेकांना शुभेच्छा देतात. आमचा नवखा इतका हरखतो, की मतदारांना विसरून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहतो. बरोबरच आहे. बसलेल्या घशाचं दुखणं गावात तेवढ्या एकालाच कळणार.

सोसायटीच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या देसाईबाई संध्याकाळी जिन्यात भेटल्या. एरवी आम्ही दोघी भिंतीकडे बघत जातो. आज मी म्हटलं, "शुभेच्छा हं."

त्या थबकल्या. "घसा बसलाय तुमचाही. गुळण्या करा," म्हणाल्या, आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत कठड्यावरून हात हलवत राहिल्या.