रिश्तानचा शेरा

माझ्या सासऱ्यांचं नाव सोतवोल्दी, म्हणजे विकून परत घेतलेला. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं त्यांना मूठभर कोंड्यावर शेजारणीला विकलं आणि लगेच परत विकत घेतलं. ते म्हणायचे, "तेव्हापासून माझा भाव काही वाढला नाही." पेपरवाल्यांचंही तेच मत होतं. कोकंदच्या थिएटरात त्यांनी उभा जन्म विनोदी कामं केली, संगीत नाटकं लिहिली, चालीही स्वतःच बांधल्या. लोक हसून हसून खुर्चीतून घसरायचे, आणि आठवड्यानं छापून यायचं, 'गाणी गुणगुणण्याजोगी, बाकी पोरखेळ.' माझं डोकं फिरायचं. ते मात्र त्याच पेपरावर खरबुजाच्या फोडी मांडायचे.

त्यांना एकाच माणसाचं मत हवं होतं, आणि त्या माणसानं बोलणं टाकलं होतं.

तो माणूस म्हणजे रिश्तान या कुंभारांच्या गावचे मामारिझो अका, म्हणजे मामारिझोदादा. तरुणपणी दोघांची जोडी लग्नाच्या पुलावाच्या पंगतीला आणि चायखान्यात अस्कियाला बसायची. एक विषय धरायचा आणि कोटीवर कोटी करत राहायचं. ज्याला उत्तर सुचणार नाही त्यानं छातीवर हात ठेवून 'मानलं' म्हणायचं. सासऱ्यांनी ते कितीदा तरी म्हटलं होतं, मामारिझोंनी कधीच नाही.

मग सासऱ्यांनी कुंभाराचं नाटक लिहिलं. त्यातला कुंभार मुलीला मागणी घालण्याआधी आपल्या गाढवासमोर बोलण्याची तालीम करतो आणि भिंतीपलीकडून ती सगळं ऐकते. पोट धरून हसावं असा प्रवेश. पण तो खरा घडलेला होता. कापसाच्या शेतात रात्री शेकोटीपाशी मामारिझोंनी ते फक्त दोस्ताला सांगितलं होतं. पहिल्या खेळाला, जिच्यासाठी ती तालीम झाली होती तीच बाई नवऱ्यासोबत तिसऱ्या रांगेत बसली होती. सगळं थिएटर खदखदत असताना मामारिझो उठले, ते थेट रिश्तानला बापाच्या मडक्यांच्या भट्टीवर गेले. पुन्हा कोकंदला आले नाहीत, लग्नही केलं नाही. त्या नाटकाची गाणी आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात वाजली. वाजली की सासरे उठून अंगणात जायचे.

सत्तरी उलटल्यावर एकदाचं पेपरात चांगलं आलं. राजधानीतल्या कुणा तरुण मुलीनं अर्धं पान लिहिलं होतं. मोठा फोटो, त्याभोवती काळी जाड चौकट, आणि वर ठळक अक्षरांत, 'ही जागा भरून निघणार नाही.' आता असलं कौतुक जिवंत माणसाचं कुणी करतं का? सकाळीच किराणावाले योल्दाश अका कमरेला सुतकाचा पट्टा बांधून रडत दारात आले. सासऱ्यांनीच दार उघडलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही!"

"अरेरे. चांगला माणूस होता. चहा घेता?"

दुपारपर्यंत अर्धी गल्ली येऊन, रडून, हसून, चहा पिऊन गेली. मग बसचा ड्रायव्हर सांगत आला की बातमी रिश्तानला पोचली. माझा नवरा होशिम फोनकडे धावला, तसे सासरे आडवे आले.

"रिश्तानला काही कळवायचं नाही."

"बाबा, मरणाची थट्टा बरी नव्हे," मी म्हटलं.

"तू आधी चूल विझव. मढ्याच्या घरात गाजर कुणी परततं का?"

होशिमला पट्टा बांधून त्यांनी दाराबाहेर उभं केलं आणि स्वतः आतून कडी घालून बसले. मला जवळ बसवून घेतलं.

ऊन कलल्यावर मामारिझो आले. पट्टा बांधलेला, दाढी पांढरी. होशिमला मिठी मारून म्हणाले, "पोरा, मी तुझ्या बापाला शिव्या देत ते नाटक पाहिलं. मार्गिलानला पाहिलं, अंदिजानला पाहिलं. तिकीट काढून, टोपी डोळ्यांवर ओढून, मागच्या रांगेत. शेवटी शेवटी मीही हसायला लागलो रे. त्याचा कुंभार माझ्यापेक्षा शहाणा होता. निदान बोलला तरी. मी तर गाढवापाशीच थांबलो." मग त्यांनी बंद दाराकडे तोंड करून छातीवर हात ठेवला. "सोतवोल्दी, मानलं."

मी सासऱ्यांची बाही धरली होती. त्यांनी ती सोडवली, कडी काढली आणि हात पसरून बाहेर गेले. चेहरा ओलाचिंब.

मामारिझोंनी त्यांना डोळे भरून पाहिलं. मग सावकाश कमरेचा पट्टा सोडला, घडी करून खिशात घातला.

"ते मेलेल्याला दिलं होतं," ते म्हणाले. "परत घेतलं."

आणि बसकडे चालू लागले. ज्यांनी उभा जन्म कोट्या करण्यात घालवला, त्या माझ्या सासऱ्यांना मागून एवढंच ओरडता आलं, "चहा तरी घे रे!"

त्यानंतर कुणी त्या लेखाबद्दल अभिनंदन केलं की ते म्हणायचे, "रिश्तानच्या पेपरात वाईट आलंय." माणसं हसायची. मला रडू यायचं, कारण दाराची कडी वाजली की ते मान वर करून बघायचे, आणि येणारी मी असले तर मान परत खाली. बसवाल्यांबरोबर त्यांनी निरोप धाडले, माफी मागितली. उत्तर आलं नाही.

जर्दाळू पिकले तेव्हा ते झोपेतच गेले. होशिमनं रिश्तानला फोन केला. शेजारी म्हणाले, सांगतो, पण म्हातारा विश्वास ठेवणार नाही.

तरी मामारिझो आले. पट्टा न बांधता, रोजच्या कोटात. दारातल्या रडणाऱ्या पुरुषांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ अंगण ओलांडून आतल्या खोलीच्या दारासमोर उभे राहिले. आत आम्ही बायका कडी लावून मय्यताजवळ बसलो होतो.

"पुरे झालं, सोतवोल्दी!" त्यांनी हाक दिली. "बाहेर ये. या खेपेला परत घेणार नाही."

बायकांचं रडणं थांबलं. मी उठून कडी काढली. कडीचा आवाज ऐकून त्यांनी हसत हात पसरले होते, आणि समोर मी होते.