सरळ हँडल की मेंढ्याची शिंगं : जळगाव ते धुळे

जळगावहून आम्ही निघालो तेव्हा माणसं दोन होती आणि सायकलीही दोन होत्या. त्यांतली एकच सायकल माझी होणार होती. कुठली, ते धुळ्याला पोचेपर्यंत ठरायचं होतं.

मी धुळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. शहराच्या भोवतालची पाच गावं माझ्याकडे आहेत. वर्षभर मी बैलगाडीने फिरले. निरोप यायचा, मग गाडीवान शोधायचा, मग बैल जुंपायचे. माघात एका बाळंतिणीकडे पोचले तेव्हा आत जाण्याची गरजच उरली नव्हती. बाया ओसरीवर बसल्या होत्या आणि कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानंतर मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, मी सायकलने फिरेन. ते आधी हसले, मग म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून फिरून दाखवा. जमलं तर गावं तुमची. नाही जमलं तर शहरातल्या वॉर्डात या आणि हा विषय पुन्हा काढू नका."

सायकल चालवायला मी आधीच शिकले होते. पांझरेच्या काठी, उजाडता उजाडता, तासाने भाड्याची सायकल घेऊन. लुगडं काष्ट्याचं नऊवारीच नेसत असल्यामुळे टांग टाकायला अडचण नव्हती. राहता राहिली स्वतःची सायकल. ती घ्यायला मी आगगाडीने चाळीसगाव, पाचोरा करत जळगावला नानांकडे आले. नाना म्हणजे माझे मामा. रेल्वेत मुकादम होते. रुळांच्या कडेकडेने सायकल हाणत त्यांची सगळी नोकरी झाली. आता पेन्शनीत आहेत, पण पिंडऱ्या अजून दगडासारख्या.

सायकलचं दुकान एका मारवाडी शेठजींचं. बायकांची, मधल्या दांडीशिवायची सायकल मुंबईहून मागवावी लागेल आणि दोन महिने तरी लागतील, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. माझ्याकडे पाच दिवस होते. मग त्यांनी दोन सायकली बाहेर काढल्या. एक काळी, नवी, सरळ हँडलची, मागे भक्कम कॅरियर. दुसरी वापरलेली, हिरवी, हडकुळी. कुणी गोरा रेल्वेसाहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता. तिचं हँडल दोन्हीकडून पुढे जाऊन खाली वळलेलं होतं, थेट मेंढ्याच्या शिंगांसारखं.

मी ती एका हाताने उचलली आणि ती सहज उचलली गेली. काळी सायकल दोन हातांनी जेमतेम हलली.

"विमल, ही शर्यतवाल्यांची," नाना म्हणाले. "हिच्यावर ओणवं व्हावं लागतं. बाईमाणसाला शोभायचं नाही. काळी घे."

"शोभण्यासाठी नाही घेत मी. लवकर पोचायला घेतेय."

शेठजी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, धुळ्याला माझ्या भाच्याचं दुकान आहे. दोन्ही घेऊन जा. मामा एक चालवतील, तुम्ही एक. वाटेत बदला. जी नको ती भाच्याकडे ठेवा."

नाना तिथल्या तिथे तयार झाले. मला वाटतं, ते कुणी असं म्हणण्याची वाटच बघत होते.

फाल्गुन संपत आला होता. पहाटेचा गारवा अजून होता. मी काळ्या सायकलवर, तिच्या कॅरियरला माझी औषधांची बॅग सुतळीने घट्ट बांधलेली. नाना धोतर खोचून हिरव्या मेंढ्यावर. गावाबाहेर केळीच्या बागा लागल्या. पाटाचं पाणी पाजलेल्या ओल्या मातीचा वास रस्त्यावर येत होता. गिरणेचं पात्र बहुतेक कोरडंच होतं. मधल्या धारेत बाया धुणं धूत होत्या. त्यांनी हात थांबवून आमच्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलून हसल्या. मला ते लागलं नाही. सरळ हँडलवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो. मी त्यांच्याकडे बघून हसू शकत होते, आणि हसलेही.

पाळधीला चहासाठी थांबलो. हॉटेलवाल्याने आधी सायकली न्याहाळल्या, मग मला, मग नानांना विचारलं, "नाना, पोरले सायकलवर कोठे लई चालनात?" (पोरीला सायकलवर कुठे घेऊन निघालात?)

"मी नही लई चालनू," नाना बशीत चहा ओतत म्हणाले. "तीच माले लई चालनी."

एरंडोलपर्यंत काळ्या सायकलने मला दमवलं. सपाटीवर ती गुणी होती, पण चढ आला की उतरून ढकलावी लागे. नानांची गंमत वेगळीच. मेंढ्यावर ओणवं होऊन त्यांची मान अवघडली होती आणि टोपी दोनदा पडली होती. एरंडोलला चिंचेखाली आम्ही भाकरी सोडली. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), ठेचा आणि कांदा. जेवण झाल्यावर सायकली बदलल्या. बॅग मात्र काळीवरच राहिली, कारण मेंढ्याला कॅरियर नव्हतं.

पहिला अर्धा मैल मला काही सुचेना. हात ठेवायला इतक्या जागा, की कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मग मी वरच्या आडव्या दांडीवर हात ठेवून आरामात चालवायला लागले आणि तिथेच फसले. ब्रेक खाली, शिंगांच्या वळणावर. एका ओढ्याच्या उतारावर अचानक बकऱ्यांचा कळप आडवा आला. हात ब्रेकपर्यंत पोचेस्तोवर मी कळपात होते. बकऱ्या चारी दिशांना पांगल्या, मी वाळूत आडवी झाले. कोपर सोलवटलं. कोपरापेक्षा गुराख्याचं बोलणं जास्त झोंबलं.

नाना मागून आले. मी शाबूत आहे हे बघितल्यावर खाली बसून हसले. "मेंढाच तो! बकऱ्यांत नाही शिरणार तर कुठे शिरेल? दे इकडे. काळी घे."

"नाही," मी म्हटलं. जखम बॅगेतल्या औषधाने पुसली आणि परत मेंढ्यावर बसले. पडले म्हणून सोडायची असेल तर काळीवरूनही मी कधीतरी पडणारच होते.

पारोळ्याला नानांचे रेल्वेतले जुने सोबती राहतात. त्यांच्या घरच्या अक्कांनी आमच्यापुढे फुनके (वाफवलेले डाळीचे मुटके) आणि कढी ठेवली. मी किती खाल्ले हे इथे लिहीत नाही. जेवणाआधी, ऊन कललेलं असताना, किल्ल्याच्या खंदकाजवळच्या मोकळ्या जागेत मी तासभर मेंढ्यावर फेऱ्या मारल्या. हात खाली, हात वर, ब्रेक. पुन्हा. शेवटी बोटं न बघता ब्रेकवर जायला लागली. भोवती गर्दी जमली होती. नानांचे सोबती म्हणाले, "तुमची भाची हट्टी दिसते." नाना म्हणाले, "हट्टी असती तर बरं. हट्ट उतरतो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पश्चिमेचा वारा सुटला. धुळ्याकडे जाणाऱ्याच्या तो थेट तोंडावर येतो. नाना काळीवर होते. छाती उघडी, धोतर शिडासारखं फुगलेलं. पायी जाणाराही त्यांना मागे टाकेल असं वाटत होतं. मी शिंगांचे खालचे वळसे धरले, पाठ आडवी केली, हनुवटी हँडलपर्यंत नेली. आणि काय सांगू! वारा डोक्यावरून जायला लागला. चाकं नुसती सरसरत होती. डोळ्यांसमोर फक्त पुढच्या चाकाखाली येणारा हातभर रस्ता. मैलाचे दगड कडेने निघून जात होते. अशी जर मी गावोगाव गेले, तर कुठली बैलगाडी आणि कुठला उशीर! मनातल्या मनात मी सायकल घेऊनही टाकली होती.

एका वडाखाली थांबले. नाना दिसेनात. पाणी प्याले, पदर झटकला, कोपरावरची पट्टी पुन्हा आवळली. वीस मिनिटं गेली, अर्धा तास गेला. साठीचा माणूस, असल्या वाऱ्यात मी एकटा मागे सोडला होता. मी उलटी फिरले.

दीडेक मैलावर नाना रस्त्यात उभे दिसले. काळी सायकल बांधाला टेकवलेली. शेजारी एक पन्नाशीची बाई, डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, हातात विळा. मला बघताच ती धावत आली.

"तूच शे का नर्सबाई? मी दोन्ही हात वर करीसन हाका मारात. तू मान बी वर नही करी!"

तिची सून दादर (रब्बीची ज्वारी) कापायला शेतात आली होती. दिवस भरायला अवकाश होता, पण सकाळीच पोटात दुखायला लागलं. बाई मदतीसाठी रस्त्यावर आली, तर पहिली दिसले मी, आणि मी तिच्या समोरून निघून गेले. माझ्या मागून रखडत आलेल्या नानांनी मात्र तिला लांबूनच बघितलं. मला बोलावून आणायला वाऱ्यात आपल्याला तासभर लागेल, मी थांबून परत फिरेनच, असा विचार करून ते तिथेच थांबले होते.

मी मेंढा टाकला आणि काळी उचलली. रस्त्यापासून शेतातली झोपडी दोन-तीन फर्लांग. गाडीवाट, काळ्या मातीला पडलेल्या भेगा, चाकोऱ्या. रुंद हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून, ताठ बसून, मी ती वाट सायकलवरूनच पार केली. बॅग मागे बांधलेलीच होती.

मूल नुकतंच बाहेर आलं होतं. निळसर, निपचित. शेजारच्या शेतातली एक म्हातारी त्याला पदरात घेऊन बसली होती. मी तोंडातला चिकटा काढला, तळवे चोळले, पाठ चोळली. काही नाही. मग तोंडाला तोंड लावून हलकेच फुंकलं. एकदा, दोनदा. किती वेळा ते आठवत नाही. एक उचकी आली, आणि मग चिडका, बारीक आवाज. म्हातारी ओरडली, "जिती शे! आंडेर जिती शे!" (मुलगी जिवंत आहे.)

पण आईचं रक्त थांबत नव्हतं. वार पडली नव्हती. मी पोट चोळत राहिले, इंजेक्शन दिलं, पुन्हा चोळत राहिले. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती सारखी विचारत होती, "माले झोप ई ऱ्हायनी, झोपू का?" मी म्हणत होते, "नाही, अजून नाही, माझ्याशी बोल." तिने मला तिच्या माहेरच्या गाईचं नाव सांगितलं. अखेर वार पडली, रक्त मंदावलं. तिला गुळाचं पाणी पाजलं. तेव्हा कुठे मी हात धुतले.

आम्ही दुपार तिथेच काढली. नाडी भरून आल्यावर तिला आणि मुलीला शेजारच्या शेतातल्या बैलगाडीत गवताच्या गादीवर निजवलं आणि धुळ्याकडे निघालो. गाडीमागून मी काळीवर, मेंढा गाडीला बांधलेला. सासू माझ्या बाजूने चालत होती. ती म्हणाली, "बाई, रागे भरू नको, पन मी तुले शिव्या देल्ह्या व्हत्या."

"बरं केलंस," मी म्हटलं.

फागणे गावाजवळ वारा पडला तेव्हा मीच सायकलींचा विषय काढला. "नाना, तुम्ही म्हणालात म्हणून नाही घेत काळी."

"माहीत आहे," ते म्हणाले.

धुळ्याला बाळंतिणीला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरसाहेबांनी तिला तपासलं आणि मला एवढंच विचारलं, "अर्धा तास आधी नाही पोचलात?" मी जे घडलं ते सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

शेठजींच्या भाच्याकडे मी मेंढा नेऊन ठेवला. ठेवताना हात निघत नव्हता. खोटं कशाला लिहू? वाऱ्याला ती सायकल जिंकते, चढाला जिंकते, आणि कुणाला नुसतं एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं असेल तर त्याने डोळे मिटून तीच घ्यावी. माझं काम तसलं नाही. माझी निम्मी माणसं मला वाटेत भेटतात. ती निरोप पाठवत नाहीत. बांधावर उभी राहतात, हात वर करतात. मला त्यांना बघता आलं पाहिजे आणि त्यांना माझं तोंड दिसलं पाहिजे. त्यापायी घाम जास्त गाळावा लागला तर गाळीन. चढावर उतरून ढकलीन.

सोमवारी सकाळी मी पहिल्या गावाच्या रस्त्याला लागले. वारा होताच. गावाच्या अलीकडे विहिरीवर बाया पाणी भरत होत्या. एकीने कळशी खाली ठेवली आणि हात वर करून हाक मारली, "ओ बाई! थांब ना वं!"

मी ब्रेक दाबला, पाय टेकला. "काय झालं? कुणाला काय होतंय?"

ती लाजली. "काही नही वं," ती म्हणाली. "नुसती देखी ऱ्हायनू."

मग मीही थोडा वेळ तिथे उभी राहिले. तिला नीट बघू दिलं.