नकाशातली खाडी

आरोंद्याच्या दत्तारामचं शेत खाडीच्या बांधाआड आहे. भात कापलं की बांधाचं लाकडी दार उघडायचं, भरतीचं पाणी शेतात घ्यायचं आणि कोळंबी धरायची, ही तिथली जुनी रीत. १९५८च्या जानेवारीत मोजणीवाले आले ते नेमके तेव्हा. समोर पाणी दिसलं. त्यांनी नकाशात शेत खाडीत घातलं. दत्तारामने वर त्यांना टोपलीभर कोळंबी दिली.

पुढे एका पावसाळ्यात बांध फुटला. दुरुस्ती मागायला तो कचेरीत गेला, तेव्हा कारकुनाने नकाशा पुढे सरकवला. "इथे शेत कुठे आहे? खाडीला कसली दुरुस्ती?"

"शेतसारो घेतास तेव्हा शेत, आणि बांध मागलो काय खाडी?" दत्ताराम म्हणाला.

मी त्या भागात नवा ओव्हरसियर होतो. त्याचे अर्ज मीच वर पाठवले. आधी नकाशा दुरुस्त होऊ दे, एवढंच उत्तर येई. शेवटी गावाने माती टाकून बांध कसाबसा उभा केला. पुढच्या पावसात तो टिकेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

१९६३ला मोजणीवाले पुन्हा येणार अशी खबर आली. भात कापून झालं होतं. शेत कोरडं दिसावं म्हणून दत्तारामने बांधाच्या बंद दारावर दगड रचले आणि तिथेच ठाण मांडलं.

"काय रे दत्त्या, साहेबाक भुंय दाखवूक आमची कोळंबी, आमचा निस्त्याक बंद केलंस?" शेजारचा परशुराम रोज टोमणा मारी.

बायको मथुराही वैतागली. "नुसत्या मिठावांगडा पेज खातंय. तुमचो साहेब येतलो तरी कधी?"

साहेब आला. दत्ताराम धावतच गेला. "बघा साहेब, सगळी भुंय. पाणी खंय आसा?"

"खाडीची मोजणी आधीच झालेली आहे. मला फक्त नवा रस्ता टिपायचाय."

"मगे ही चूक तशीच ऱ्हवतली?"

"त्याला वरून हुकूम लागतो."

"निदान एकदा उतरान तरी बघा!"

साहेब बांधावरून खाली उतरला. भाताचे खुंट बुटाखाली करकरले. "हो, शेतच आहे," तो म्हणाला आणि पुन्हा वर चढून रस्त्याकडे चालू लागला.

रस्ता त्याने अचूक काढला. मी नंतर ताडून पाहिला. तो दत्तारामच्या शेताला लागून जातो. नकाशात मात्र खाडीच्या कडेने.