नाव जाईल तिथे डॉयलकाका

"मिस्टर डॉयल कुठे आहेत?" असं कोणी विचारलं की डॉयलकाका छातीवरच्या खिशातल्या पेंट मार्करवर दोनदा बोट आपटत आणि म्हणत, "इथे." विचारणारा बहुधा त्यांच्या खांद्यावरून मागे बघत असे. मागे कोणी नसे. बहारीनमध्ये सित्रातल्या एका पाइप यार्डात ते वेल्डिंग तपासनीस होते. उंची बेताची, रंग काळा, बोली नगरची. मी त्याच यार्डाच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळत होतो. हा प्रसंग मी निदान दहा वेळा पाहिला. बोट प्रत्येक वेळी दोनदाच आपटलं.

आडनावाची हकिगत ते थोडक्यात सांगत. पणजोबा आयरिश, नगरच्या कॅम्पातला तोफखान्याचा शिपाई. पणजी तिथलीच. पलटण हलली, तो गेला, पत्र आलं नाही. पणजीने चर्चच्या नोंदवहीत मुलाचं आडनाव डॉयलच लिहायला लावलं. "सोडून गेलेल्याचं नाव कशाला मिरवायचं?" असं मी एकदा विचारलं. "त्याचं कुठलं? सोबत नेलं असतं तर त्याचं. पणजीनं ठेवून घेतलं, म्हणजे पणजीचं," ते म्हणाले.

नावाचा अर्थ त्यांना बहारीनमध्येच कळला. अदलियातल्या एका हॉटेलात कंपनीचं जेवण होतं, तिथे एका आयरिश इंजिनिअरने सांगितला. डॉयल म्हणजे काळा परका. फार पूर्वी उत्तरेकडून जहाजं घेऊन चालून आलेल्या लोकांना आयर्लंडमध्ये असं म्हणत. पुढे ते त्यांच्या वंशजांना चिकटलं. इंजिनिअर ओशाळून सांगत होता. काका खुर्चीत रेलून हसले. "तुमच्याकडचे डॉयल गोरे पडले. नाव शोभतं ते मला."

यार्डात त्यावरून थट्टा चाले. दापोलीचा वेल्डर इक्बाल म्हणे, "डॉयलभाई, चेहरा नगरचा आणि नाव लंडनचं. व्हिसावाल्यांनी गोंधळायचं किती?" काका म्हणत, "लंडनचं नाही रे. आयर्लंडचं. लंडनशी त्यांचंही पटत नाही."

प्रत्येक जोड तपासून झाला की काका त्याच्या शेजारी पाइपवर मार्करने आपलं पूर्ण आडनाव लिहीत. इतर तपासनीस आद्याक्षरांवर भागवत. तपासनीसाची खूण नसलेला पाइप यार्डाच्या फाटकाबाहेर जात नसे.

एकदा युरोपातल्या ग्राहकाची पाहणी ठरली. आदल्या दिवशी मॅनेजरने काकांना बोलावलं. मॅनेजर ठाण्याचे, वयाने लहान. मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो.

"काका, मनाला लावून घेऊ नका. रिपोर्टवरचं तुमचं नाव वाचून त्यांनी गोरा माणूस धरलाय. उद्या तुम्ही लीव्ह घ्या. सेल्समधला गोरा पीटर तुमच्या जागी बसेल."

"मग रिपोर्टवर पीटरचं नाव घाला."

"त्याला वेल्डिंगमधलं काय कळतं?"

"नाव जाईल तिथे मी जाणार," काका म्हणाले. "मी चालत नसेन तर नाव काढून घेतो."

दोन महिन्यांनी त्यांचा करार संपत होता. व्हिसा कंपनीचा होता. धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हे काकांना ठाऊक होतं आणि मॅनेजरलाही.

त्या दुपारी उन्हात त्यांनी थिनर आणि फडकं घेऊन छत्तीस जोडांवरचं नाव पुसलं. इक्बाल धावत आला. "माझ्या जोडात खोट निघाली काय?"

"जोड चांगला आहे. माझ्या वहीत तसं लिहिलंय. नाव तेवढं घरी चाललंय."

दुसऱ्या दिवशी काकांनी लीव्ह घेतली नाही. ते कँटीनमध्ये जाऊन बसले. ग्राहकाच्या इंजिनिअर बाई पाइप बघत चालल्या होत्या. सहाव्या जोडाशी थांबून त्यांनी तपासनीसाचं नाव कुठे आहे, असं विचारलं. पीटरने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने पाइपकडे. इक्बाल मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, नाव कँटीनमध्ये चहा पितंय. बोलावू?"

काका आले. "मिस्टर डॉयल?" बाईंनी विचारलं. बोट दोनदा आपटलं. बाईंनी छत्तीसही जोड काकांकडून आपल्यासमोर पुन्हा तपासून घेतले. संध्याकाळ झाली. पास झालेल्या प्रत्येक जोडाशेजारी काका नाव लिहीत गेले. छत्तीसही पास झाले. बाईंनी दुसरं काही विचारलं नाही.

करार वाढला नाही. पत्रात कारण नव्हतं. काकांनी ते माझ्याकडे फाइलला दिलं. "लिहायची लाज वाटली त्यांना. तेवढं पुरे."

निरोपाला मॅनेजर म्हणाले, "पुढच्या नोकरीत आडनाव गाळून नुसतं फिलिप लावा, काका. सुखी व्हाल."

"पणजी तान्हं पोर घेऊन चर्चमध्ये एकटी उभी राहिली होती," काका म्हणाले. "मला तर नुसतं विमानात बसायचंय."

इक्बाल आणि मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. मार्कर त्यांनी गाडीतच इक्बालला देऊन टाकला. काचेपलीकडे पासपोर्टच्या खिडकीशी त्यांचा नंबर आला. अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागच्या रांगेकडे. तो काही विचारत होता. आम्हाला ऐकू येत नव्हतं.

खिसा रिकामा होता. काकांनी त्यावर दोनदा बोट आपटलं.