ताईच्या जागी उभं राहिल्यावर

बिघडलेले फ्रिज दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला फ्रिजवालाच म्हणायचे. गिटार ही त्याची रविवार सकाळची चैन. सुताराच्या वखारीमागच्या खोलीत चौघांचा बँड जमायचा: ड्रमवर पोस्टमन, बेसवर औषधवाला, गिटारवर हा आणि माइकपुढे याची थोरली बहीण. ताई दिवसभर बालवाडीतली पोरं सांभाळायची आणि रविवारी गायची.

त्याचा अँप्लिफायर जमिनीवर, त्याच्या पायाशी, माइककडे तोंड करून असायचा. आवाज नडग्यांपाशीच राहायचा, कानापर्यंत धड यायचा नाही. मग तो गेन, म्हणजे आवाजाला खरखर आणणारं बटण, वाढवायचा, वर व्हॉल्यूमही पिळायचा. गिटार गुरगुरायला लागली की स्वारी खूश.

गेल्या वर्षी ताई वरच्या पट्टीत अडखळू लागली. एका रविवारी तिचा सूर फाटला, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, वय झालं गं तुझं. आता पोरांची बडबडगीतंच बरी."

ताई हसली. दोन आठवड्यांनी तिचा आवाज पार बसला. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, तीन महिने तोंडातून ब्र काढायचा नाही.

तिच्या जागी औषधवाल्याची भाची आली. तरणीताठी, खणखणीत आवाजाची. दुसऱ्याच गाण्यात ती थांबली आणि फ्रिजवाल्याकडे वळली.

"काका, मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये."

"जोर लाव की थोडा!"

"तुम्हीच या ना इथे."

त्याने गिटार तिच्या हातात दिली आणि माइकपुढे जाऊन उभा राहिला. तिने एकदा तारा छेडल्या मात्र, अँप्लिफायरचा सगळा गदारोळ थेट त्याच्या तोंडावर आला. तो ओरडून गायला, तरी स्वतःचा एक शब्द ऐकू येईना. चार वर्षं ताई इथे उभी होती.

त्याने अँप्लिफायर उचलून स्टुलावर ठेवला आणि त्याचं तोंड आपल्या कानाकडे वळवलं. गेन इतका उतरवला की तार न् तार वेगळी ऐकू यावी. मग भाचीला साध्या आवाजात गायला लावून व्हॉल्यूम हळूहळू चढवला, आणि तिचे शब्द झाकोळण्याआधीच हात आवरला. पाच मिनिटांचं काम.

"आज एकदम झकास लागलंय," पोस्टमन म्हणाला. फ्रिजवाल्याला कुठे तोंड लपवावं कळेना.

तिथून तो थेट ताईकडे गेला. ती भाजी निवडत होती. त्याने अडखळत सगळं सांगितलं.

"तुझा गळा मी घालवला, ताई."

ताईने ओला हात पुसला आणि पाटीवर लिहिलं, 'दोनदा सांगितलं होतं तुला.'

त्याने आठवून पाहिलं. एकदाही आठवेना. हेच त्याला जास्त लागलं.

"चिडली आहेस?"

ताईने मान डोलावली. हो. मग निवडायची राहिलेली जुडी त्याच्यापुढे सरकवली.

चौथ्या महिन्यात ताई परत आली. भाची आता वरचे सूर घेते, ताई खालच्या पट्टीत गाते. तिचे वरचे सूर गेले ते गेलेच. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. तो मात्र प्रत्येक गाण्याआधी विचारतो, "ताई, ऐकू येतंय ना?" आणि ती हो म्हणेपर्यंत तारेला हात लावत नाही.