खिडकीतला पेला

महासंगणकाच्या खोलीत सर आम्हा नव्या मुलांना शिकवत होते. हजारो प्रोसेसर आणि सगळ्यांत मिळून एकच मेमरी. प्रत्येक प्रोसेसर तिच्यातल्या लागेल तेवढ्या मजकुराची नक्कल स्वतःजवळ ठेवतो. एकाने मूळ मजकूर बदलला की बाकीच्यांना निरोप जातो, तुमची नक्कल जुनी झाली, टाकून द्या.

"आणि सगळ्यांची पोच आल्याशिवाय बदल पुरा झाला असं धरत नाहीत," सर म्हणाले.

मग चहाला गेलो. सफाईच्या शांतामावशींनी पांढरे कप विसळून आम्हाला चहा दिला. स्वतःसाठी मात्र खिडकीतला स्टीलचा पेला काढला.

"मावशी, कपातच घ्या की," मी म्हणाले.

"नको गं बाई. कप मी धुवायचे, प्यायचे तुम्ही. पेला तुझ्या सरांनीच नेमून दिलाय."

सरांनी ऐकलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

शिवाशिव संपली, असं या देशाने केव्हाच लिहून ठेवलं. आम्ही ते शाळेत पाठही केलं. पण घराघरांतल्या जुन्या नकला कुणी टाकल्या नाहीत, आणि पोच आली का हे विचारायला कुणी थांबलं नाही. त्या निर्जीव यंत्राला क्षणात जमतं ते शिकवणाऱ्यालाही जमत नाही.

"आज साखर कमी होती हं," सर म्हणाले. मावशींनी हात पुढे केला होता, तरी सरांनी कप ओट्यावर ठेवला.

मावशींनी तो धुतला. मग माझाही धुतला.